घराच्या दारावर बँकेची ताबा नोटीस लागली तर: चुकीच्या सरफेसी कारवाईला कायद्याने कसं तोंड द्यायचं

हप्ते थकले तर बँक तुमचं तारण घर ताब्यात घेऊन विकू शकते, आणि त्यासाठी तिला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना हा अधिकार दिला. बऱ्याच लोकांना हे कळतं ते दारावर कागद चिकटल्यावरच. 'कोर्टाची ऑर्डर दाखवा' म्हणून आलेल्या अधिकाऱ्याला परत पाठवता येईल, अशी त्यांची समजूत असते. तसं होत नाही. पण कोर्टाला वळसा घालायची मुभा दिली म्हणूनच कायद्याने बँकेला पायरीपायरीवर बांधूनही ठेवलंय. पायरी चुकली तर कारवाई रद्द होऊ शकते, ताबा परत मिळू शकतो आणि नुकसानभरपाईही मागता येते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या फ्लॅटवर अशी कारवाई सुरू झाली तेव्हा सगळे कागद मी सांभाळले. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधी आणि गेल्यानंतर काय कळायला हवं, तेवढंच इथे लिहितोय.

सुरुवातीलाच एक खुलासा. बँकेने पायरी चुकवली म्हणून कर्ज माफ होत नाही. कारवाई रद्द झाली तरी बँक नव्याने नोटीस काढू शकते. तुम्हाला मिळतो तो वेळ, बरोबर हिशेब आणि घासाघीस करायची ताकद. कर्ज बुडवायची युक्ती हवी असेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही.

१. नोटीस कुणाची आणि कुठल्या कायद्याखाली, ते आधी बघा

नोटिशीचा मथळा आणि पहिला परिच्छेद नीट वाचा. 'सरफेसी' किंवा 'कलम १३(२)' असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका, गृहवित्त कंपन्या हा कायदा वापरतात. सहकारी बँकाही वापरू शकतात. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० साली तसा निकाल दिला, त्यामुळे 'सहकारी बँकेला सरफेसी लागू नाही' हा जुना मुद्दा आता चालत नाही. इतर वित्तसंस्थांना मात्र २० लाखांपेक्षा कमी कर्जासाठी हा मार्ग वापरता येत नाही.

पतसंस्थेचं प्रकरण वेगळं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते आणि मग नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी जप्ती-लिलाव करतो. त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज असतो आणि तो दाखल करून घेण्यासाठी वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. पतसंस्थेची नोटीस हातात धरून डीआरटीचा, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा, वकील शोधत बसू नका.

सरफेसीतून काही गोष्टी मुळातच वगळलेल्या आहेत: शेतजमीन, एक लाखापर्यंतचं कर्ज, आणि बाकी राहिलेली रक्कम मुद्दल व त्यावरचं व्याज यांच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असलेली प्रकरणं. बरीच वर्षं हप्ते फेडून शेवटी थकलेल्यांनी हे तिसरं कारण जरूर तपासावं. शेतजमिनीच्या बाबतीत मात्र नुसता सातबारा दाखवून भागत नाही. जमीन खरोखर कसली जाते का, हे बघितलं जातं.

२. तारखांचा कागद तयार करा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त तारखा लिहा: शेवटचा हप्ता कधी गेला, खातं एनपीए (थकीत खातं) झाल्याची बँकेने सांगितलेली तारीख, १३(२) च्या नोटिशीची तारीख, ती हातात पडल्याची तारीख, तुम्ही उत्तर दिल्याची तारीख, ताबा नोटीस लागल्याची तारीख, वर्तमानपत्रात छापून आल्याची तारीख. नोटिशीची तारीख आणि ती मिळाल्याची तारीख यांत कधीकधी बरंच अंतर असतं, म्हणून पाकीट फेकू नका. पोस्टाचा शिक्का पाकिटावरच असतो. दारावर कागद लागला असेल तर काढण्याआधी आजूबाजूच्या भिंतीसकट फोटो घ्या.

नोटीस 'न घेणं' हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. पोस्टमनला परत पाठवलं की बँकेला दारावर चिकटवून आणि दोन वर्तमानपत्रांत छापून ती बजावल्यासारखी करता येते. मुदत सुरू होते आणि तुमच्या हातात मात्र कागद नसतो.

३. पहिले ६० दिवस: हिशेब उकरून काढा

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं आणि मग बँक १३(२) ची मागणी नोटीस काढते. त्यात किती रक्कम देणं आहे आणि कुठल्या मालमत्तेवर कारवाई करणार, याचा तपशील द्यावाच लागतो. रक्कम भरायला ६० दिवस मिळतात. या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

लोक हे ६० दिवस शाखेच्या फेऱ्या मारण्यात घालवतात. मॅनेजर गोड बोलतो, 'थोडेफार भरा, बघू' म्हणतो. इथे मोठा गैरसमज आहे. एकदा खातं एनपीए झालं की एकदोन हप्ते भरून ते नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं की मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरली तरच खातं पुन्हा नियमित धरायचं. थोडे पैसे भरले आणि कारवाई थांबली असं समजून गप्प बसलेल्यांच्या दारावर मग ताबा नोटीस लागते. 'थांबवतो' म्हणत असतील तर लेखी घ्या.

कर्ज सुरू झाल्यापासूनचा पूर्ण खातेउतारा लेखी अर्ज करून मागा, गेल्या वर्षाचा नव्हे. शेजारी बचत खात्याचं पासबुक ठेवा आणि ओळीला ओळ जुळवा. बहिणीच्या प्रकरणात गोम इथेच होती. बचत खात्यातून हप्ता वळता झाला होता, पण शाखेचा कोड बदलल्यावर तो कर्जखात्यात जमाच झाला नव्हता. मधल्याच कुठल्या तरी खात्यात पडून होता आणि त्यावर दंड चढत होता. पासबुकात 'नावे' आहे आणि कर्जखात्याच्या उताऱ्यात त्या महिन्याची ओळच नाही, हे पेन्सिलने खूण करून दाखवलं तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली.

उताऱ्यात आणखी हे बघा: व्याजदर वाढल्याचं तुम्हाला कळवलं होतं का, विम्याचे पैसे दोनदा नावे टाकलेत का, दंडावर पुन्हा व्याज लावलंय का. २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो आणि त्यावर व्याज चढवता येत नाही. कर्जदार वारला असेल तर कर्जासोबत विमा काढला होता का, ते आधी शोधा. मयताच्याच नावाने नोटीस काढून वारसांना काहीच न कळवणं हाही हरकतीचा चांगला मुद्दा आहे.

४. लेखी हरकत द्या, आणि पोच घ्या

कलम १३(३अ) प्रमाणे तुम्ही नोटिशीला लेखी हरकत घेतलीत तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायलाच हवं. मार्डिया केमिकल्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००४ साली हरकतीचा हा हक्क उचलून धरला आणि मग तो कायद्यात आला.

बहुतेक जण ही पायरी सोडतात, कारण या टप्प्यावर डीआरटीत जाता येत नाही आणि 'बँक काय उत्तर देणार ते माहितीच आहे' असं वाटतं. पण हरकतीचा उपयोग पुढे होतो. बँकेने उत्तर दिलं नाही किंवा 'आपले म्हणणे अमान्य' एवढ्या एका ओळीत उडवून लावलं, तर डीआरटीत तो स्वतंत्र मुद्दा होतो.

पत्रात राग काढू नका. मुद्दे क्रमांक घालून लिहा: अमुक महिन्याचा हप्ता जमा नाही, एनपीएची तारीख चुकीची आहे, सहकर्जदाराला नोटीस मिळालेली नाही, रक्कम मान्य नाही. मूळ नोटिशीवर सही करणाऱ्या 'प्राधिकृत अधिकाऱ्या'च्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा, शाखेत एक प्रत देऊन शिक्का घ्या, ईमेलही करा. 'आमची चूक झाली, कृपया मुदत द्या' असं मोघम लिहिलंत तर ते थकबाकीची कबुली म्हणून पुढे वाचून दाखवलं जातं.

५. ताबा नोटीस लागली: ४५ दिवस सुरू

६० दिवस संपले की बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. पहिल्यांदा हा ताबा कागदावरचा, म्हणजे प्रतीकात्मक असतो. दारावर नोटीस चिकटते, कुलूप तुमचंच राहतं, स्वयंपाक चालू राहतो. म्हणून घरातले म्हणतात, अजून काही झालेलं नाही.

झालेलं असतं. डीआरटी म्हणजे ऋण वसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करायची ४५ दिवसांची मुदत या कारवाईपासून मोजली जाते. प्रत्यक्ष कुलूप लागेपर्यंत थांबायची गरज नाही, प्रतीकात्मक ताब्याविरुद्धही अर्ज करता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हिंडन फोर्ज प्रकरणात सांगितलं. विलंब माफ होईल या भरवशावर बसू नका.

ताबा नोटीस तपासताना: ती ठळक जागी लावली का, सात दिवसांत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत आली का, त्यातलं एक मराठी होतं का. ते अंक मिळवा. दोन्ही जाहिराती इंग्रजी पेपरांत असतील तर ते वकिलाला पहिल्या भेटीतच दाखवा.

६. डीआरटीत अर्ज

महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. जिथे घर आहे किंवा ज्या शाखेत कर्जखातं आहे, तिथल्या अधिकारक्षेत्रात अर्ज करता येतो. कोर्टातल्या लोकांच्या तोंडी याला 'एसए' म्हणतात, आणि त्यासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. नुसता एसए दाखल झाला म्हणून कारवाई थांबत नाही, स्थगिती मागावी लागते आणि मिळवावी लागते. कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार, वारस, इतकंच काय कारवाईने बाधित होणारी कुणीही व्यक्ती अर्ज करू शकते.

फी कर्जदारासाठी अशी आहे: मागणी १० लाखांच्या आत असेल तर दर लाखाला ५०० रुपये, त्यावर असेल तर ५,००० रुपये अधिक १० लाखांवरच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये, जास्तीत जास्त एक लाख. म्हणजे २५ लाखांच्या मागणीला ८,७५० रुपये. वकिलाची फी वेगळी. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा.

वकील दिवाणी कोर्टातला ओळखीचा नको. डीआरटीत रोज उभा राहणारा हवा. इथल्या सवयी वेगळ्या, आणि बँकेने आधीच कॅव्हेट ('आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज) टाकलं असेल तर अर्जाची प्रत त्यांना देण्यापासून धावपळ असते.

सोबत हे कागद ठेवा:

- कर्जमंजुरी पत्र आणि कर्जकरार (प्रत नसेल तर लेखी मागणी केल्याची पोच)
- १३(२) ची नोटीस, तिचं पाकीट, तुमची हरकत, बँकेचं उत्तर
- ताबा नोटीस, दाराचा फोटो, वर्तमानपत्रांची पानं
- कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि बचत खात्याचा त्याच काळातला
- घराचा नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, सोसायटीचा भागदाखला, करपावती
- सेरसाईवरच्या नोंदीचा शोध अहवाल

शेवटचा कागद बरेच वकीलही विसरतात. सेरसाई ही तारणांची केंद्रीय नोंदवही आहे. जानेवारी २०२० पासून, तिथे तारणाची नोंद नसेल तर बँकेला सरफेसीचे अधिकार वापरताच येत नाहीत. थोडी फी भरून हा शोध कुणालाही ऑनलाइन घेता येतो.

आता अपेक्षा जमिनीवर ठेवा. स्थगिती देताना डीआरटी बहुतेक वेळा काही रक्कम ठरावीक तारखांना भरायला सांगतं. ती कुठून उभी करायची याची तयारी अर्जाआधीच करा. एक हप्ता चुकला की स्थगिती उठते, आणि मग दुसऱ्यांदा मागायला तोंड राहत नाही. कायद्यात निकालाला ६० दिवस, वाढवून चार महिने दिलेत. प्रत्यक्षात तारखा लांबतात.

कारवाई बेकायदा ठरली तर डीआरटी ताबा परत द्यायचा हुकूम करू शकतं, आणि कलम १९ खाली भरपाई व खर्चही मागता येतो. अर्जात ही मागणी पहिल्यापासून लिहा. निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं, पण त्याआधी थकबाकीच्या ५० टक्के भरावे लागतात. कारणं दिली तर ते २५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, त्याखाली नाही.

७. तहसीलदार किंवा पोलिस ताब्यासाठी येणार असतील तर

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. तिथे तुम्हाला सुनावणी मिळत नाही, आणि कर्जाचा वाद ते सोडवत नाहीत. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदनं देत बसण्यापेक्षा त्या हुकमाची प्रत घेऊन लगेच डीआरटीत स्थगिती मागा.

पथक दारात आलं तर अडवू नका, धक्काबुक्की करू नका. हुकूम वाचायला मागा, फोटो घ्या, आणि सामानाच्या यादीचा पंचनामा तुमच्यासमोर व्हावा असा आग्रह धरा. दागिने, औषधं, मुलांचे दाखले आदल्या दिवशीच बाहेर काढलेले असावेत. 'स्वखुशीने ताबा दिला' असं छापलेल्या कागदावर सही करू नका. सही करावीच लागली तर शेजारी 'हरकत राखून' असं हाताने लिहा.

हुकूम नसताना फक्त वसुलीची माणसं कुलूप लावायला आली तर तो सरळ बेकायदा प्रकार आहे, पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनही करता येत नाही. आणि एजंटाच्या हातात रोख पैसे, कितीही गयावया केली तरी, द्यायचे नाहीत.

८. लिलावाची जाहिरात

पैसे भरून घर सोडवायचा हक्क कुठे संपतो, हे नीट समजून घ्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी खर्चासह भरली तरच घर हक्काने सोडवता येतं. २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने यावर शिक्कामोर्तब केलं. नातेवाईक पैसे देणार असतील तर ते जाहिरातीच्या आधी यायला हवेत. लिलावाच्या दिवशी आणून उपयोग नाही.

लिलावातल्या चुका शोधण्यासारख्या असतात. कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस वेगळी द्यावी लागते, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते. ३० दिवस पूर्ण न देता केलेली विक्री सुप्रीम कोर्टाने २०१४ साली मॅथ्यू वर्गीस प्रकरणात रद्द केली आहे. पहिला लिलाव फसला आणि दुसरा लावला तर मात्र १५ दिवस पुरतात. राखीव किंमत फारच कमी वाटत असेल तर स्वतः मूल्यांकन करून घ्या. 'आमच्या एरियात एवढा भाव आहे' याला कागदाशिवाय वजन नाही.

९. बाकीचे दरवाजे

हायकोर्ट: डीआरटीचा मार्ग असताना रिट ऐकू नये, असं सुप्रीम कोर्टाने २०१० साली सत्यवती टंडन प्रकरणात बजावलंय. डीआरटीत पीठासीन अधिकारीच नसेल तर तातडीपुरतं जाता येतं.

दिवाणी कोर्ट: कलम ३४ ने दार बंद आहे. अपवाद फसवणुकीचा. तुमच्या घरावर दुसऱ्यानेच खोट्या सह्या करून कर्ज काढलं असेल तर दिवाणी दावा, पोलिसांत फिर्याद आणि डीआरटीतला अर्ज, तिन्हींचा विचार वकिलासोबत करा.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल: हिशेबाच्या तक्रारीला चांगला, फुकट. आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस वाट बघावी लागते. तो लिलाव थांबवत नाही, आणि तोच वाद डीआरटीत असेल तर ऐकतही नाही. लोकपालाकडे तक्रार केली म्हणून ४५ दिवस थांबत नाहीत.

१०. तडजोड

बहुतेक प्रकरणं शेवटी एकरकमी तडजोडीत मिटतात. ती तुमचा हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. पण बँकेच्या चुका कागदावर मांडलेल्या असतील तर आकडा खाली येतो. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. त्यात रक्कम, तारखा, एसए कधी मागे घ्यायचा आणि बोजा कधी उतरणार हे असायला हवं. आधी केस मागे घ्या मग पत्र देतो, असं म्हणाले तर नाही म्हणा.

११. मिटल्यानंतर

ना-देय दाखला घ्या. सेरसाईवरची नोंद उतरवून घ्या. सोसायटीत किंवा सातबारा, मालमत्ता पत्रकावर बोजा चढवला असेल तर बँकेचं पत्र देऊन तो कमी करा, तो आपोआप जात नाही. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यायला हवेत. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना पानं मोजा आणि कर्ज घेतेवेळी दिलेल्या यादीशी ताडून बघा. सिबिलचा अहवाल महिन्या-दोन महिन्यांनी काढा. तिथे 'सेटल्ड' दिसेल की 'क्लोज्ड', हे तडजोडीच्या पत्रात काय लिहून घेतलंत त्यावर ठरतं.